पाणी वर चढवणारी पोरं

निघायच्या आदल्या रात्री आईला फोन केला. ती चौऱ्याऐंशीची, फलटणजवळच्या गावी भावाकडे असते. म्हटलं, चीनला निघालेय, तिथं माणसांनी दोन हजार वर्षं न मरायचं औषध शोधलं, त्या जागा बघायच्यात. ती म्हणाली, "बघून ये. पण सापडलं तर माझ्यासाठी आणू नको. माझं झालंय सगळं."

माझं वय अठ्ठावन्न. सकाळी थायरॉइडची गोळी, रात्री बीपीची. मला सापडलं असतं तर चाललं असतं. वीस वर्षं पहाटे उठून प्राणायाम करते, तेव्हा चिन्यांच्या ताओ पंथातही श्वासाचं काहीतरी शास्त्र आहे आणि त्याला ते 'आतली किमया' म्हणतात, एवढ्या ऐकीव माहितीवर ही ट्रिप ठरली. भाची शांघायला नोकरी करते, चिनी फाडफाड बोलते. तिनं रजा काढली म्हणूनच हे जमलं.

पहिला दिवस, शिआन

सकाळी टेराकोटाचं सैन्य पाहिलं. त्यावर सगळ्यांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. एवढंच सांगते की ते सैन्य पुरून घेणाऱ्या छिन सम्राटाच्या थडग्यात पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या असं जुन्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, आणि त्या टेकडीच्या मातीत आजही पारा जास्त सापडतो. अमर व्हायचं औषध शोधायला त्यानं समुद्रापार जहाजं धाडली, आणि इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असतानाच गेला.

दुपारी शान्शी इतिहास संग्रहालय. तिथल्या एका दालनात १९७० साली शिआनमध्येच हजिया गावी सापडलेला खजिना आहे. थांग काळात कुणीतरी मातीच्या दोन रांजणांत आणि एका चांदीच्या भांड्यात हजारावर वस्तू भरून पुरून टाकल्या. सोन्याचे पेले, नाणी, दागिने. लोक त्यांच्यापाशी फोटो काढत होते. मी अडकले ते चांदीच्या चपट्या, गोल डब्यांपाशी. आपल्या पानाच्या डब्यांसारखे. झाकणाच्या आत शाईनं लिहिलेलं, आत काय आहे आणि किती वजनाचं: हिंगूळ, त्यातही चांगल्या प्रतीचा वेगळा, गुहेच्या छताला लोंबणारी चुन्याची लवणं, जांभळा स्फटिक. सोनंचांदी आणि औषध एकाच रांजणात. किंमत दोन्हींची सारखीच वाटत असणार.

हिंगुळाला चिनी भाषेत 'दान' म्हणतात. आपल्या दानधर्माशी त्याचा संबंध नाही. पुढे अमरत्वाच्या गोळीलाही 'दान'च म्हणू लागले. हिंगूळच का, तर तो लालभडक, रक्तासारखा. तापवला की त्यातून पांढरा पळणारा पारा निघतो, आणि त्या पाऱ्याला गंधकासोबत पुन्हा शिजवलं की परत लाल हिंगूळ होतो. मरून परत येणारा दगड. तो पोटात गेला तर माणूसही परत येईल, असा हिशोब. आपल्याकडच्या रसशास्त्रानंही पाऱ्यावर असाच जीव टाकला होता, त्यामुळे मला हसण्याचा अधिकार नाही.

हिशोब चुकला तो राजवाड्यातच. थांग सम्राट श्यानझोंग या गोळ्या खाऊन इतका चिडखोर झाला की ८२० मध्ये त्याच्याच खोज्यांनी त्याला मारलं. मुलगा मूझोंग गादीवर आला, बापाला गोळ्या देणाऱ्या किमयागाराला त्यानं देहदंड दिला, आणि मग स्वतः गोळ्या सुरू केल्या. ८२४ मध्ये तोही गेला. पुढे ८४६ आणि ८५९ मध्ये आणखी दोघे. भाची म्हणाली, "मावशी, एवढे राजे मेल्यावर कुणीतरी कंपनी बंद केली असेल ना?"

कंपनी बंद झाली नाही, भट्टी आत गेली. पुढच्या दोनतीनशे वर्षांत या मंडळींनी शब्द सगळे तेच ठेवले, हिंगूळ, शिसं, पारा, मूस, आच, पण वस्तू बदलल्या. मूस म्हणजे पोट. शिसं आणि पारा म्हणजे शरीरातल्याच दोन शक्ती. फुंकणी म्हणजे श्वास. बाहेरची किमया ती 'वायदान', आतली ती 'नेइदान'. १०७५ मध्ये झांग बोदुआन नावाच्या माणसानं हे सगळं कवितांत बांधलं, आणि त्या कविता अशा कोड्यात की आजही भाष्यं चालूच आहेत.

दुसरा दिवस, झुआन

शिआनच्या नैर्ऋत्येला झुआन नावाचं साधं गाव आहे, मक्याची कणसं अंगणात वाळत घातलेली, तिथं छोंगयांग मंदिर. ताओंमधल्या क्वानझन पंथाचं मूळपीठ. आवारात दगडी शिलालेखांची रांगच उभी आहे, काहींवर मंगोल काळातली चौकोनी लिपी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हात फिरवायला मनाई होती म्हणून जास्तच फिरवावासा वाटला.

ज्याच्यासाठी हे सगळं, त्या वांग छोंगयांगचं (१११३–११७०) चरित्र एकदम पसंत पडलं. चांगल्या घरचा, शिकलेला, नोकरीत बढती न मिळालेला, दारू पिणारा. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाल्यावर त्याला साक्षात्कार झाला. ११६१ मध्ये त्यानं जमिनीत दहा फुटांहून खोल खड्डा खणला, वर मातीचा ढीग केला, 'वेडा वांग' अशी स्वतःच्याच नावाची पाटी लावली आणि आत राहू लागला. जागेचं नाव: जिवंत मेलेल्याची कबर. चार कोपऱ्यांत फुलांचं एकेक झाड लावलं. दोनेक वर्षांनी कबर बुजवून झोपडीत गेला, आणि ११६७ मध्ये ती झोपडीही स्वतःच पेटवून आगीभोवती नाचला. लोक विझवायला धावले तर हा नाचतोय. मग पूर्वेला शानदोंगकडे चालत गेला आणि तिथं त्याला ते सात शिष्य मिळाले ज्यांच्यामुळे पंथ उभा राहिला.

सातांतली एक बाई होती. सुन बुअर. ती आणि तिचा नवरा मा यू, दोघं श्रीमंत, तीन मुलं. वांगनं दोघांना संसारातून बाहेर काढायचं ठरवलं आणि त्यासाठी त्यांना नास्पती कापून पाठवायला सुरुवात केली. आधी एक अख्खी, मग दोन फोडी, मग जास्त. चिनी भाषेत 'नास्पतीच्या फोडी करणं' आणि 'ताटातूट' यांचा उच्चार एकच. शंभर दिवस हे चाललं म्हणतात. नवऱ्याच्या आधी लक्षात आलं, बायकोच्या नंतर. सुन बुअर चिडली होती, आणि मला ती चिडली याचंच बरं वाटलं.

मंदिराबाहेर म्हातारी नास्पती विकत होती. एक मोठी घेतली, पर्समधली सुरी काढली, तर भाचीनं हातच धरला. "कापून वाटायची नाही. मी इथं राहून चिनी झालेय." शेवटी दोन घेतल्या आणि दोघींनी आपापली अख्खी खाल्ली. रस कोपरापर्यंत आला.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. कबरीत राहून, आतली मूस तापवून, अमरत्वाचा पंथ काढणारा हा माणूस गेला तेव्हा चिनी मोजणीनं अठ्ठावन्न वर्षांचाच होता. माझ्याच वयाचा. इथल्या पुजाऱ्याला भाचीकरवी हे विचारलं. तो अजिबात अवघडला नाही. म्हणाला, देह टाकला, मेला कोण म्हणतंय?

आमच्याकडे चांगदेव चौदाशे वर्षं जगले म्हणतात आणि तरी सोळा-सतरा वर्षांच्या पोराला काय लिहावं सुचेना म्हणून कोरा कागद धाडला. वय हा भाग या लोकांनी आणि आपल्या नाथांनी दोघांनीही बहुतेक वेगळ्याच खात्यात टाकलेला दिसतो. पण यावरून 'बघा, सगळं आपल्याकडूनच तिकडं गेलं' म्हणणाऱ्या व्हॉट्सॲपवाल्या काकांच्या हाती हा परिच्छेद पडू नये. साम्य आहे, वाहतूक सिद्ध करणं वेगळं.

तिसरा दिवस, हुआशान

दक्षिण शिखर २१५४ मीटर. केबल कारनं गेलो, गुडघ्यांना नमस्कार करून. कड्याला टांगलेल्या फळ्यांवरून पट्टे बांधून चालणारी पोरं लांबूनच पाहिली.

खरं काम पायथ्याला होतं. झऱ्याकाठच्या मंदिरात एका गुहेत छन थ्वान झोपलाय. दगडाचा, कुशीवर, हाताची उशी करून. हा दहाव्या शतकातला, ९८९ मध्ये वारला, आणि त्याची साधना म्हणजे झोप. महिनोन्‌महिने उठायचा नाही. सम्राटानं बोलावलं तरी दरबाराऐवजी त्याला डोंगरच प्रिय. झोपेत बाहेरचं सगळं बंद, आत मूस चालू, अशी थिअरी. मी नवऱ्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "याचा क्लास आहे का?"

चौथा दिवस

प्रवास. गाड्या बदलत, एक वेळा चुकीच्या फलाटावर. डब्यात भाचीनं सगळ्यात जुन्या किमयागारांपैकी वेई बोयांगची गोष्ट सांगितली: त्यानं गोळी केली, आधी कुत्र्याला दिली, कुत्रा मेला. मग स्वतः खाल्ली, मेला. एका शिष्यानं गुरूवर विश्वास ठेवून खाल्ली, तोही मेला. बाकीचे दोघे खापणाची व्यवस्था करायला गावात गेले. ते गेल्यावर बोयांग उठून बसला, शिष्याला आणि कुत्र्याला उठवलं आणि तिघं अमर होऊन निघून गेले. गोष्टीत मला कुत्रा आवडला. त्याला विश्वासाचा प्रश्नच नव्हता.

पाचवा ते सातवा दिवस, वूदांग

हुबेई प्रांतातला हा डोंगर मिंग सम्राट योंगलनं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लाखो मजूर लावून मंदिरांनी भरला. त्याच सम्राटानं झांग सानफंग या सिद्धाला शोधायला वर्षानुवर्षं माणसं पाठवली. सापडला नाही. ज्याला शोधलं तो मिळाला नाही आणि ज्या जागा शोधल्या तिथं देवळं उभी राहिली, असं एकंदर झालं.

डोंगर चढताना एका छोट्या देवळापुढे दोन जाड लोखंडी मुसळं उभी दिसतात. इथला देव झनवू आधी राजपुत्र होता. तपाला कंटाळून घरी निघाला, तर वाटेत एक म्हातारी मुसळ दगडावर घासत बसलेली. काय करताय? सुई करतेय. होईल का? घासली की होईल. राजपुत्र परत वर गेला. मुसळाला एव्हाना लोकांचे इतके हात लागलेत की ते गुळगुळीत झालंय. सुई व्हायला अजून अवकाश आहे.

आम्ही तीन दिवस एका लहान घरगुती शाळेत राहिलो. शिकवणाऱ्या बाई पंथातल्या दीक्षित, चाळिशीच्या, डोक्यावर अंबाडा आणि त्यात लाकडी काडी, निळा अंगरखा, पायांत पांढरे मोजे. सगळे त्यांना शिफू म्हणत, मीही म्हटलं. पहाटे साडेपाचला बसायचं. गवताची जाड गादी, भिंतीकडे तोंड. मांडी घातलेली त्यांनी पाहिली आणि खुश झाल्या, बाकीचे दोन जर्मन बिचारे पाय पसरून बसले होते. माझी खुशी पंचवीस मिनिटं टिकली. मग डावा पाय कुणाचा आहे ते कळेना.

त्यांनी सांगितलेलं साधंच होतं. जीभ टाळूला लाव. पाठीच्या मणक्यातून वर जाणारी एक वाट, छातीपोटावरून खाली येणारी दुसरी. तोंडात त्या तुटतात, जीभ त्यांचा पूल. या पुलाला ते मॅगपाय पक्ष्यांचा पूल म्हणतात, तो त्यांचा शुभ पक्षी, ज्यावर वर्षातून एकदा गुराखी आणि विणकरीण हे दोन तारे भेटतात. लक्ष नाभीखाली ठेव. श्वास कापसासारखा, कानाला ऐकू न येणारा. तोंडात लाळ येईल, थुंकायची नाही, तीन घोटांत खाली सोडायची, थेट नाभीखालच्या शेतात.

शेत हा शब्द मी दोनदा विचारून घेतला. नाभीखालच्या त्या जागेचं नावच 'दानत्यान', हिंगुळाचं शेत. अशी तीन शेतं: पोटात, छातीत, कपाळामागे. आपण चक्रं म्हणतो, कमळं म्हणतो. ही माणसं शेत म्हणतात, म्हणजे नांगरायचं, पाणी पाजायचं, वाट बघायची.

मला काय जाणवलं? खरं सांगायचं तर लाळ. भरपूर लाळ. दुसऱ्या दिवशी पोटात थोडी ऊब वाटली, पण आदल्या रात्री शेंगदाण्यात परतलेल्या सुक्या मिरच्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे श्रेय कुणाला द्यावं कळेना.

खरं शिक्षण स्वयंपाकघरात झालं. दुपारी शिफू सगळ्यांसाठी भात आणि टोफूची भाजी करायच्या, मी भाजी चिरायला गेले. भाची मधे उभी राहून भाषांतर करत होती. मी विचारलं, शिसं काय, पारा काय, मला काही उमगत नाही. त्यांनी पातेलं उचललं आणि गॅसच्या शेगडीच्या *खाली* धरलं. पाणी खाली, आग वर. विचारलं, भात होईल? मी म्हटलं, कसा होईल. त्या म्हणाल्या, साधा माणूस असाच असतो. हृदय म्हणजे आग, ती वर वर जाते, डोक्यात, रागात, काळजीत. मूत्रपिंडं म्हणजे पाणी, ते खाली खाली जातं आणि वाया जातं. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, आणि म्हातारपण म्हणजे दुसरं काय. मग त्यांनी पातेलं शेगडीवर ठेवलं. आग खाली आणायची, पाणी वर न्यायचं. वाफ धरेल. संपलं.

"आणि आच?" मी विचारलं, कारण एवढं सोपं असतं तर पुस्तकं कशाला लागली असती. त्या हसल्या. आचेला ते 'हुओहोउ' म्हणतात, आणि हा शब्द चीनमधला कुठलाही आचारी वापरतो. मंद आच ती 'वन', म्हणजे लेखणीवाल्याची. मोठी आच ती 'वू', तलवारवाल्याची. केव्हा कुठली, हे जुन्या गुरूंनी कधी कागदावर उतरवलं नाही. त्यांच्यात म्हणच आहे की ऋषी औषध सांगतात, आच सांगत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर माझी मोठी जाऊ उभी राहिली. पुरणाचं प्रमाण ती विचारेल त्याला सांगते, पण कधी चटका देऊन उतरवायचं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी नानयानच्या कड्यापाशी बसलो होतो, खोल दरीवर दगडाचं ड्रॅगनचं डोकं पुढे झेपावलेलं आहे. पूर्वी त्याच्या टोकाला जाऊन उदबत्ती लावायचे आणि पडून मरायचे, म्हणून आता कठडा आहे. तिथं मला एकदम आजोबांची मोट आठवली. मी पाचसहा वर्षांची असेन. विहिरीवर चाक, चाकावरून नाडा, नाड्याला चामड्याची मोट. बैल धावेवरून खाली उतरायचे आणि तेव्हा, *उतरतानाच*, पाणी वर यायचं. थारोळ्यात भसकन पडायचं. आजोबा नाड्यावर बसून गात खाली जायचे. खाली जाणाऱ्या वजनानं वर येणारं पाणी: शिफूंनी पातेल्यानं दाखवलं ते माझ्या लहानपणी रोज सकाळी चालू होतं. मी हे भाचीला सांगितलं. तिनं मोट पाहिलेलीच नाही, त्यामुळे तिला मोटेचंच भाषांतर करून सांगावं लागलं.

शेवटच्या दिवशी मी बायकांबद्दल विचारलं. पुरुषांसाठी पहिली पायरी म्हणजे वीर्य राखणं, त्याचं छी, म्हणजे आपला प्राण, करणं, छीचं चैतन्य, आणि शेवटी ते चैतन्य रिकामेपणात सोडणं. हा उलटा प्रवास. सरळ गेलं तर मूल होतं, उलटं गेलं तर सिद्ध होतो, असं त्यांचं वचन. मधल्या टप्प्यावर पोटात म्हणे एक 'पवित्र गर्भ' राहतो, दहा महिने वाढवायचा, मग तीन वर्षं अंगावर पाजायचा. हे सगळं पुरुषांनी लिहिलंय. गरोदरपणाची एवढी हौस असलेले पुरुष मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

बायकांच्या पद्धतीत पहिली पायरी वेगळी: 'लाल ड्रॅगनचा वध'. म्हणजे साधनेनं पाळी थांबवायची. म्हटलं, माझा ड्रॅगन सात वर्षांपूर्वीच स्वतःहून मेला, मी पुढच्या वर्गात का? शिफू मान हलवत म्हणाल्या, नाही, तो म्हातारपणानं मेला. जुन्या ग्रंथांप्रमाणे आधी त्याला जिवंत करायचं, पाळी परत आणायची, आणि मग मारायचं. भाचीनं भाषांतर करता करता माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांना सांग, एवढं अमर व्हायचं नाही मला. शिफू इतक्या मोठ्यानं हसल्या की जर्मन जागे झाले.

सोनेरी शिखरावर, १६१२ मीटरवर, धुकं होतं. १४१६ मध्ये बसवलेलं तांब्याचं, सोन्याचा मुलामा दिलेलं मंदिर सहा फुटांवरून दिसलं. आत दिवा होता. बाहेर एवढा वारा की माझी ओढणी तोंडावर, आणि दिव्याची वात सरळ. दारं नि सांधे इतके घट्ट बसवलेत म्हणे. उतरताना एका दुकानदारानं आयुष्य वाढवणारी भूछत्राची पूड गळ्यात मारायचा प्रयत्न केला. भाचीनं भाव विचारला आणि आम्ही दोघी चालायला लागलो.

एक राहिलंच. धान्य सोडणं ही यांची जुनी साधना. माणसाच्या पोटात तीन किडे असतात, धान्यावर पोसतात, आणि दर साठ दिवसांनी एका ठरावीक रात्री माणूस झोपला की वर जाऊन त्याच्या पापांची चुगली करतात, मग आयुष्य कापलं जातं. म्हणून त्या रात्री जागायचं. आपण कोजागरीला लक्ष्मी यावी म्हणून जागतो, हे किडे जाऊ नयेत म्हणून. मसाला दूध दोन्हीकडे चाललं असतं.

आठवा दिवस

दिवसभर गाडी. पाय अजून दुखतोय. डावाच.

नववा दिवस, पेइचिंग

पांढऱ्या ढगाचं मंदिर, बाययुन ग्वान, शहराच्या ऐन वस्तीत आहे. दारातल्या कमानीत कोरलेलं बोटभर माकड शोधून त्याला हात लावायचा, नशीब उघडतं. माकड इतकं झिजलंय की शोधायची गरजच नाही, जिथं गर्दी तिथं माकड. आत कोरड्या पुलाखाली टांगलेल्या घंटेवर लोक नाणी मारत होते. भाचीची चार नाणी वाया गेली.

मागच्या दालनाखाली च्यू छूजी पुरलेला आहे. वांगचा शिष्य, सातांतला सगळ्यांत नाव मिळवलेला. चंगीझखानानं १२१९ मध्ये त्याला बोलावणं धाडलं: ये आणि मला अमर कर. म्हातारा सत्तरी ओलांडलेला. अठरा शिष्य घेऊन निघाला, वाळवंटं आणि डोंगर तुडवत, आणि १२२२ मध्ये हिंदुकुशजवळच्या छावणीत खानापुढे उभा राहिला. खानानं विचारलं, न मरायचं कुठलं औषध आणलंस? च्यूनं सांगितलं, जीव राखायचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही.

दोन वर्षं चालून येऊन, जगातल्या सगळ्यांत धोकादायक माणसाला, त्याच्याच तंबूत. डोकं उडवलं असतं तर कुणी काय केलं असतं? खानानं उलट त्याला 'सिद्ध' म्हणायचा हुकूम काढला आणि त्याच्या लोकांना कर माफ केले. दोघंही १२२७ मध्येच गेले, एकाच साली. मला वाटतं की शिआनमधले ते चांदीचे डबे पाहिल्यापासून मी याच एका वाक्याच्या शोधात फिरत होते. एवढं सगळं फिरून ऐकायला मिळालं ते मला आईनं फोनवर फुकट सांगितलं होतं.

आणि मग ती शिळा. 'नेइजिंग थू', आतल्या वाटांचा नकाशा. १८८६ मध्ये लिउ चंगयिन या इथल्याच साधूनं कोरून घेतली, डोंगरातल्या एका ग्रंथसंग्रहात सापडलेल्या जुन्या चित्रावरून. मांडी घालून बसलेला माणूस बाजूनं पाहिल्यासारखा, पण माणूस कुठेच नाही. डोक्याच्या जागी डोंगर. गळ्याच्या जागी बारा मजल्यांचा मनोरा. मणक्याच्या जागी खालून वर जाणारी नदी, तिच्यावर तीन वेशी. हृदयापाशी गुराखी पोर, डोक्यावर सप्तर्षींची माळ. मूत्रपिंडापाशी विणकरीण चरखा चालवतेय. पोटात बैल नांगरतोय, आणि बाजूला ओळ: लोखंडी बैल शेत नांगरतो, सोन्याची नाणी पेरतो. वर डोक्यात ताओ पंथाचा आद्य गुरू, पांढऱ्या केसांचा लाओत्सू, भिवया जमिनीला टेकलेल्या, आणि त्याच्याखाली निळ्या डोळ्यांचा परदेशी भिक्षू दोन्ही हातांनी आभाळ पेलून उभा. तो बोधिधर्म मानतात, आपल्या दक्षिणेतून गेलेला. आपलं माणूस तिकडे ओझं उचलायलाच.

पण मी बघत बसले ते अगदी तळाशी, जिथं शेपटीचं हाड असतं तिथं. दोन पोरं पायांनी रहाट तुडवतायत, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि पाणी वर चढतंय. शेजारी लिहिलंय की पाणी उलटं वाहतं. मला भाषा येत नाही, पण तो रहाट पाहिल्यावर भाचीनं वाचून दाखवायची गरज नव्हती. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी मी पाठ म्हणू शकते, तिचं तेज, तिची भूक, तिचं वर झेपावणं. तिथं वीज आहे. इथं दोन पोरांचे पाय आहेत, आणि ती दमली की पाणी खाली. 

दुकानातून त्याची छापील प्रत घेतली. रात्री हॉटेलात पलंगावर उलगडली, चार कोपऱ्यांवर दोन चपला, फोनचा चार्जर आणि थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली ठेवली, आणि आईला व्हिडिओ कॉल केला. भावानं फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला.

"हां, पोरं रहाट मारतायत," ती म्हणाली. "बैल एकच दिसतोय. आणि आऊत धरलंय कुणी?" मी कॅमेरा मणक्यावरून वर नेत तिला सांगत गेले, हे पाणी, ही वेस, हे हृदय, ही विणकरीण. ती हूं हूं करत होती. "आणि पाट कुठाय? एवढं वर नेऊन भिजवतात काय?" मी कॅमेरा डोक्यावर नेला, डोंगरातल्या लाओत्सूवर, आणि म्हटलं, इथपर्यंत नेतात. तिनं फोन जवळ घेतला, पडद्यावर फक्त तिचं कपाळ आणि चष्म्याची एक काच राहिली. बराच वेळ बघत होती.

"म्हातारा तर कोरडाच बसलाय," आई म्हणाली.